चिऱ्याच्या भिंतीतली वाट

जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. पूर्वी हत्यारांनी, आता यंत्राच्या पात्यानं तो हवा तसा कापून घेता येतो, आणि मग उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होत जातो. राजापूर-लांज्याकडची जुनी घरं याच दगडाची आहेत. आमच्या घराच्या मधल्या भिंती दीड फूट जाडीच्या, मातीत बांधलेल्या, आतून चुन्याचा गिलावा केलेल्या. मे महिन्यात भर दुपारी माजघरात पाऊल टाकलं की अंगाला जो गारवा लागतो, तो या जाडीचा. ओटीवरच्या राऊटरचं वायफाय माजघराच्या उंबऱ्याशी येऊन संपतं, तेही या जाडीमुळेच.

पावसाळ्यात तर ते उंबऱ्यापर्यंतही धड येत नाही. चिरा सच्छिद्र दगड आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरून असतात. पाणी रेडिओलहरी शोषून घेतं, त्यामुळे एप्रिलमध्ये भिंतीपलीकडे थोडीफार पोचणारी लहर जुलैमध्ये अर्ध्यात विरते. वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची आधी जाते, २.४ची रडतखडत टिकते. मी पुण्यात बरीच वर्षं ऑफिसांची नेटवर्क उभारण्याचं काम केलं आणि आता याच घरात राहून काम करते. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर, तो आला याचा मला आनंदच झाला.

ज्याला सांगावं त्याचा पहिला सल्ला ठरलेला: मेश लाव, म्हणजे वायफायचे दोन-तीन जोडलेले डबे घरभर ठेव. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो सल्ला चांगला आहे, तिथे खोल्यांमधल्या भिंती चार-सहा इंचांच्या असतात. पण मेशचे डबे एकमेकांशी बोलतात तेही हवेतूनच, आणि आमच्याकडे त्या बोलण्याच्या आड तीच ओली भिंत येते. शिवाय हवा सगळ्यांची मिळून एक असते. ग्रामसभेत एका वेळी एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, तसं एका वाहिनीवरच्या सगळ्या उपकरणांना वागावं लागतं. बाबांची डॉक्टरांशी व्हिडिओवरची भेट, भाचीचा ऑनलाइन वर्ग, माझी ऑफिसची मीटिंग आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या ऑर्डरी हे सगळं एकाच वेळी चालू असतं. तारेचं तसं नाही. स्विच म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा. त्याच्यापासून प्रत्येक खोलीपर्यंत जिची तिची स्वतंत्र तार जाते, आणि त्या तारेत जाणं आणि येणं दोन्ही एकाच वेळी चालतं. फोनला काही केबलचं तोंड नसतं, त्याला हवाच लागते. म्हणून घराच्या दोन्ही अंगांना तारेच्या टोकाशी एकेक छोटा वायफायचा डबा असावा असं ठरवलं. भिंत तारेनं ओलांडायची आणि उरलेलं खोलीभर अंतर तेवढं लहरींवर सोडायचं.

गंमत म्हणजे ही तार मुळात हवेकडूनच शिकलेली आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. दोन ठिकाणांहून एकदम संदेश निघाले की ते आपटायचे आणि दोन्ही फुकट जायचे, मग दोघांनीही थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, आणि किती थांबायचं ते प्रत्येकानं आपापलं यदृच्छेनं ठरवायचं, म्हणजे सहसा पुन्हा टक्कर होत नाही. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रामसनचं हे काम अभ्यासलं, आणि २२ मे १९७३ला केंद्रातल्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिलं. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं, ते इथरनेट. सगळ्या संगणकांना जोडणारी एकच जाड केबल आणि वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. पन्नास वर्षांनी वायफाय तेच थांबण्याचं शहाणपण हवेत वापरतं, आणि तारेला त्याची गरजच उरलेली नाही.

घराच्या भिंतीत जाणारी तार मात्र त्या जाड केबलची वारस नाही. ती टेलिफोनच्या घराण्यातली आहे. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची, परतीचा रस्ता जमिनीतून. शेजारच्या तारांचा आणि विजेच्या दिव्यांचा सगळा गोंगाट तिच्यात शिरायचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१मध्ये दोन तारा एकमेकींना पिळून वापरण्याचं पेटंट घेतलं. (पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८२मध्ये, मुंबईत टेलिफोन सुरू झाला.) या युक्तीतली सुंदर गोष्ट अशी, की ती बाहेरचा गोंगाट अडवायला जातच नाही. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीनं गोंगाटाच्या सारख्याच जवळ येतात, त्यामुळे तो दोघींवर सारखाच चढतो. संदेश मात्र दोघींवर उलटसुलट पाठवलेला असतो. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजतं. सारखं होतं ते वजा होतं आणि संदेश तेवढा राहतो. दीडशे वर्षांच्या आसपास ही युक्ती टिकली, आणि १९९९मध्ये ठरलेल्या गिगाबिट इथरनेटला अशाच चार जोड्या पुरल्या.

आज नेटवर्कला वापरतात त्या कॅट-सिक्स जातीच्या केबलचं एक टोक सोलून बघावं. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी अशा चार जोड्या, प्रत्येकीची जोडीदार पांढऱ्यावर त्याच रंगाची रेघ असलेली. नीट पाहिलं तर कळतं, की चारही जोड्यांचा पीळ सारखा नाही. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. सगळ्यांचा सारखा असता तर दोन शेजारच्या जोड्यांच्या त्याच त्याच तारा लांबवर एकमेकींजवळ येत राहिल्या असत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत उतरलं असतं. मला ही रचना अनेक वर्षं माहीत आहे, तरी केबल सोलताना दर वेळी मी क्षणभर थांबून बघते.

केबल घेताना एकच गोष्ट कटाक्षानं बघायची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार खूप मिळते. ती खोक्याला हलकी आणि खिशाला स्वस्त असते, पण दोन-चारदा वाकवली की तुटते आणि विजेला होणारा तिचा रोध तांब्याहून बराच जास्त असतो. ब्लेडनं तार खरवडायची. आतून पांढरी चकाकी दिसली तर खोकं परत करायचं. जी वस्तू भिंतीत गाडायची आहे, तिच्यात पैसे वाचवण्याला काही अर्थ नाही.

काम करायला गावातले वायरमन काका आले. या घरात पहिली वीज आली तेव्हाचं लाकडी पट्टीवरचं वायरिंग त्यांनीच केलेलं. त्या वेळी तार भिंतीवर उघडी दिसायची, म्हणून पट्टी ओळंब्यात आणि खिळे सारख्या अंतरावर मारावे लागत. भिंतीच्या आतही काका तसंच काम करतात. मी विचारलं, तर म्हणाले, "बाय, माका तरी ठावक असता ना आत काय असा ता."

त्यांनी आधी दोन दिवस फक्त भिंती वाजवून पाहिल्या. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला आडवी खाच पाडणं धोक्याचं असतं, कारण वरचं सगळं वजन तिच्यावर उभं असतं. बांधकामातला ठोकताळा असा, की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खोल चालते, आडवी सहाव्या हिश्श्याच्या पुढे नको. आम्ही आडवी पाडायचीच नाही असं ठरवलं. पडवीत इंटरनेटचं फायबर, म्हणजे काचेचा तंतू, येतं, तिथून ते ओटीवरच्या फडताळात न्यायचं. या फडताळात पूर्वी आजोबांच्या खातेवह्या आणि कंदील असत. आता तिथे स्विच, फायबरचा डबा आणि छोटा यूपीएस राहणार होता. दारांना वर-खाली भोकं पाडली, म्हणजे हवा खेळती राहील. फडताळापासून पाइप सरळ वर माळ्यावर. माळ्यावरून तुळईच्या कडेकडेनं आडवा. आणि प्रत्येक खोलीच्या डोक्यावर पोचल्यावर पुन्हा सरळ खाली. विजेच्या तारा माळ्याच्या दुसऱ्या अंगानं जातात. जिथे ओलांडाव्याच लागल्या तिथे काटकोनात ओलांडल्या, कारण २३० व्होल्टची तार सोबतीनं लांबवर धावली की तिचा हुंकार नेटवर्कच्या तारेत उतरू शकतो.

कटर चालू झाला आणि घरभर तांबडी धूळ झाली. देवघराला आईनं जुनी नऊवारी आडवी बांधली. चिरा कटरला लोण्यासारखा जातो असं लोक म्हणतात, पण जुना, वर्षानुवर्षं हवा खाल्लेला चिरा पात्याला चांगलाच झुंजवतो, आणि मधेच एखादी मातीची दरज आली की खाच वेडीवाकडी ढासळते. अशा जागी काकांनी कटर बाजूला ठेवून छन्नी घेतली. घाई कुणालाच नव्हती.

आता मला जे मुख्य म्हणायचं आहे ते. नेटवर्क घालायचं म्हणजे केबल घालायची, असं घर बांधणाऱ्या बहुतेकांना वाटतं, आणि गवंडी प्लास्टरच्या आधी केबल तशीच भिंतीत दाबून मोकळा होतो. माझ्या मते भिंतीत केबल कधीच घालू नये. भिंतीत पाइप घालावा, आणि केबल पाइपात. दोन्ही कामांच्या खर्चात फरक थोडाच पडतो, पण पहिल्या घरात केबल बदलायची म्हणजे भिंत फोडायची आणि दुसऱ्या घरात एक संध्याकाळ काढायची.

मी ऑफिसांत कॅट-फाइव्ह काढून कॅट-फाइव्ह-ई घातलेली पाहिली, मग ती काढून कॅट-सिक्स, मग कॅट-सिक्स-ए. कॅट-सिक्स २५० मेगाहर्ट्झपर्यंत चालते, सिक्स-ए ५००पर्यंत. आमच्या घरातली कुठलीच ओढ ३० मीटरच्या वर नाही, आणि कॅट-सिक्सवर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट चालू शकतं, म्हणजे आजच्या गरजेच्या कितीतरी पुढचं घर आम्ही केलं आहे. तरीही ही केबल एक दिवस कमी पडणार, किंवा उंदीर कुरतडणार, किंवा तिच्या जागी काचेचा तंतू येणार. हे घर माझ्या पणजोबांनी बांधलं. दीड फुटी भिंत आणि वीस वर्षं टिकणारी केबल यांचं आयुष्य एकत्र बांधून टाकणं भिंतीवर अन्याय आहे.

म्हणून पाइप २५ मिलिमीटरचा घेतला, जरी एका केबलला २० पुरला असता. त्यात कॅट-सिक्सच्या चार केबली सहज जातात आणि हवा उरते. कोपऱ्यात काटकोनी एल्बो कुठेच लावला नाही, सगळीकडे लांब गोलाईचे बेंड. दोन ओढपेट्यांच्या, म्हणजे केबल ओढण्यासाठी ठेवलेल्या पेट्यांच्या, मध्ये दोनपेक्षा जास्त बेंड नाहीत, कारण तिसऱ्या बेंडला ओढ इतकी जड होते की केबल ताणली जाते. आणि या केबलला ११ किलोच्या ओढीपेक्षा जास्त सोसत नाही. त्यानंतर ती तुटत नाही, दिसायला चांगलीच राहते, पण आतले पीळ सरकलेले असतात. पाइपांची उघडी तोंडं काकांनी बारीक जाळीनं बंद केली, माळ्यावर उंदीर असतात आणि कौलांच्या फटीतून खारी येतात.

आणि प्रत्येक पाइपात केबलच्या सोबतीनं एक नायलॉनची दोरी सोडली. दोन्ही टोकांना पेटीत गुंडाळून ठेवलेली. पुढे कुणाला नवी केबल घालायची असेल, तर तिनं किंवा त्यानं ती दोरीला बांधायची आणि पलीकडून ओढायची. ओढताना नवी दोरीही सोबत न्यायची, म्हणजे त्याच्याही पुढच्या माणसाची सोय होते. या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही दोरी आहे. तिच्यातून आज काहीच वाहत नाही.

केबल ओढण्याच्या दिवशी सगळं घर कामाला लागलं. या कामाला दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे समजूतदार माणूस लागतो. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं. आधी काकांनी स्प्रिंग, म्हणजे वायरमनची ती लवचीक पोलादी पट्टी, पाइपातून आरपार नेली, तिच्या टोकाला केबल बांधून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि थोडी टाल्कम पावडर लावली. ३०५ मीटरचं खोकं ओटीवर ठेवलं होतं. त्यातून केबल सोडायला आई बसली. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. आई तो मोठ्यानं वाचायची, मी माळ्यावरून "येऊ दे" म्हणायचे आणि माजघरात काका ओढायचे. कुठे अडलं की आई आपणहून हात थांबवायची आणि केबलला पीळ बसला असेल तर उलट फिरवून सोडायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. रहाटाचा दोर तिनं आयुष्यभर हाताळला आहे. बाबा वहीत प्रत्येक खोलीपुढे आकडे उतरवून घेत होते, आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या: माजघर पूर्व, स्वयंपाकघर, मागची पडवी, आणि एकीवर नुसतं "आई".

भिंतीतली टोकं जोडण्याचं काम मी एकटीनं केलं. केबल टोचायचं जे चौकोनी सॉकेट भिंतीवर बसतं त्याला आमच्या धंद्यात आयओ, म्हणजे इन्फर्मेशन आउटलेट, म्हणतात. त्यात आठ तारा रंगांच्या क्रमानं दाबून बसवायच्या असतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोघी मध्ये निळी जोडी घेऊन दोन बाजूंना का बसतात, हे नवशिक्याला कधीच पटत नाही. कारण असं, की मधल्या दोन जागा टेलिफोनच्या होत्या आणि नव्यांनी त्यांचा मान राखला. एखाद्यानं हिरव्या जोडीच्या दोघी सोयीनं शेजारी शेजारी बसवल्या आणि दोन्ही टोकांना तसंच केलं, तर आठ दिव्यांचा साधा टेस्टर सगळे दिवे क्रमानं लावून दाखवतो आणि नेटवर्क मात्र रडत राहतं, कारण संदेश ज्या दोघींवर जोडीनं जातो त्या आता एका पिळातल्या नसतात. टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, हाही नियमच. मी प्रत्येक टोक भिंगातून पाहिलं. संध्याकाळी माजघरात, जिथे फोनला रेघही येत नव्हती, तिथे लॅपटॉपवर पूर्ण गिगाबिटची जोडणी दिसली आणि काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

घराबाहेरच्या संकटावर याचा इलाज नाही, हेही सांगायला हवं. २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे दिवसच्या दिवस वीज नव्हती. खांबच आडवे झाले तर भिंतीतली उत्तम केबल काय करणार? पण रोजच्या दोन-चार तासांच्या वीज जाण्याला उत्तर आहे. इथरनेटच्या केबलमधूनच वीजही पाठवता येते, त्याचं मानक २००३मध्ये ठरलं. त्यामुळे मागच्या पडवीतला वायफायचा डबा आणि खळ्यावरचा कॅमेरा यांना वेगळी वीज लागत नाही. ती फडताळातल्या स्विचकडून जाते, आणि स्विच यूपीएसवर आहे. वीज गेल्यावरही आई पुण्यातल्या नातवाशी बोलत बसलेली असते.

मांगराचं काम मात्र राहिलं आहे, आणि ते तांब्यानं करायचं नाही. मांगर बागेत, घरापासून चाळीस मीटरवर. आंब्याची अढी तिथे असते, पेट्या तिथेच भरल्या जातात. गडी तिथून फोटो पाठवायला घरापर्यंत चालत येतात. अंतर केबलच्या आवाक्यात आहे, कारण इथरनेटला १०० मीटर चालतं. पण कोकणात मृगाआधीच्या वळवात आणि हस्ताच्या पावसात विजा फार पडतात. वीज घरावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी दोन इमारतींमधल्या लांब तांब्याच्या तारेत क्षणभर प्रचंड दाब उमटतो, शिवाय दोन्ही इमारतींच्या जमिनीची पातळी विजेच्या हिशेबानं त्या क्षणी वेगळी असते. तो दाब थेट फडताळातल्या स्विचमध्ये उतरतो आणि तिथून खोल्याखोल्यांत. काचेच्या तंतूला वीज माहीतच नाही. त्यामुळे मांगरापर्यंत फायबर जाईल, तेही आत पोलादी तार नसलेलं. फायबर वीज वाहून नेत नसल्यामुळे मांगरात एक छोटा स्विच आणि त्याला वेगळी बॅटरी लागेल.

दिवाळीनंतर जमीन वाळली की चर खणायचा आहे. काकांनी रेघ आखून ठेवली आहे. हापूसच्या कलमांची मुळं टाळण्यासाठी ती विहिरीकडून वळसा घेऊन जाते, दोन फूट खोल, पाइपावर वाळू आणि वाळूवर चिऱ्याचे तुकडे, म्हणजे कुदळ लागली तर आधी दगडाला लागेल. पाइप ४० मिलिमीटरचा आणून माळ्यावर ठेवला आहे. दोरीचं नवं बंडलही आणलं आहे, कारण त्या पाइपात दोन दोऱ्या सोडायच्या असं आईचं म्हणणं आहे.